केळीचे पान

सालाबादप्रमाणे अंकाची जुळवाजुळव करताना यंदाही टाळेबंदीच्या आठवणींचा जाडजूड गठ्ठा टेबलावर येऊन पडला, आणि गेली पाच वर्षे दाबून ठेवलेली चीड काही आवरेना. १२ दुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेले, पहिलीपासूनच्या हिंदीचे शासननिर्णय सरकारला मागे घ्यावे लागले, सप्टेंबरच्या पुराने मराठवाड्यातील शेतांची माती खरवडून नेली. त्यांविषयी लिहिणारे समर्थ आहेत. मला छळते ते त्या गठ्ठ्यात हटकून आढळणारे एक विधान, की टाळेबंदीने घरातली माणसे पुन्हा जवळ आली. ज्या खोलीत सहा जणांत एकच मोबाइल होता, आणि थोरल्याचा तास चालू असता धाकटीचा बुडत होता, तेथली माणसे जवळ होती खरी. दूर जावयास त्यांना जागाच नव्हती.

२०२०च्या गणेशोत्सवासाठी कोकणातील चाकरमान्यांनी १२ ऑगस्टपर्यंत गाव गाठावे व १० दिवस विलगीकरणात काढावे, असे सरकारी फर्मान निघाले. खासगी गाडीस ई-पास सक्तीचा, एस.टी.स मात्र मुभा. मी एस.टी.ने गेलो. ग्रामकृती दलाने माझी रवानगी परस्पर शाळेत केली, आणि त्या दलात माझा थोरला भाऊ होता. घराच्या वाटपाचा तंटा आम्हा दोघांत आधीपासूनच मुरलेला असल्यामुळे, रोगाचे भय कोठे संपते आणि जुना दावा कोठे सुरू होतो, हे त्यालाही सांगता आले नसते आणि मलाही. वहिनी दोन्ही वेळा येत, शाळेच्या पायरीवर केळीच्या पानावर भात-भाजी ठेवीत आणि दहा पावले मागे सरत. पान अशासाठी, की भांडे परत घरात न्यावयाचे नव्हते; जेवण उरकल्यावर ते मागच्या खड्ड्यात मीच पुरीत असे. दादा गडग्यापलीकडून 'बरा आहेस ना?' एवढे विचारी आणि उत्तरासाठी न थांबता चालू लागे.

यंदाच्या अंकाचा विषय 'उंबरठा' आहे. तो ठरविताना हे सारे माझ्या मनात होते असे म्हणणे शोभून दिसेल. परंतु विषय संपादक मंडळाने जानेवारीतच मुक्रर केला होता, आणि मी त्या बैठकीस गैरहजर होतो.

जुने वाचक अंक जपून ठेवतात, म्हणून कबुली देणेच बरे. त्या वर्षीच्या अंकात, ह्याच पानावर, श्रावणातले हिरवेगार कोकण, वहिनींच्या हातचा भात आणि केळीचे पान यांचे सुग्रास वर्णन मी केले होते, आणि टाळेबंदीने मला माझे घर परत दिले, असेही बेधडक लिहिले होते. अभिप्रायांची पत्रे पुष्कळ आली. अंक गावीही गेला. दादाने तो वाचला की नाही, कळले नाही. वहिनींनी वाचला, शिमग्याला गेलो तेव्हा ताट मांडता मांडता त्या म्हणाल्या, "भावजी, पान कशाला होतं, ते लिहायचं राहिलं वाटतं."