गदा मोजायच्या की कुस्ती?



वाळवणं आणि पाठशाळा सोडून ही आज कुस्तीवर कुठून आली, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या मानोऱ्याच्या घरात भाऊजी, पुतण्या आणि सासूबाई एकाच प्रश्नावर भांडताहेत: 2023 सालचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा पैलवान कोण, शिवराज राक्षे की सिकंदर शेख? 2025 च्या स्पर्धाही होऊन गेल्या, तरी यांचं 2023 काही संपत नाही. पुतण्या रोज पहाटे आखाड्यात जातो. त्याच्या दूध-बदामासाठी माझ्या जावेने भिशीचे पैसे लावले आहेत. त्यामुळे पैलवानाचं मोठेपण कशावरून ठरतं, हा आमच्याकडे नुसता गप्पांचा विषय राहिलेला नाही. माझंही एक मत आहे आणि ते स्वयंपाकघरातून ओरडून कोणाला ऐकू जात नाही, म्हणून इथे लिहिते.

ज्यांच्या घरी कुस्ती पाहत नाहीत त्यांच्यासाठी थोडं आधी सांगते. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा 1961 पासून होते. पहिले केसरी दिनकर दह्यारी. मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ मिळणारी चांदीची गदा हा तिचा मान. पैलवान दोन विभागांत लढतात, एक माती आणि एक गादी, म्हणजे मॅट. दोन्ही विभागांचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात आणि त्यातून त्या वर्षीचा एक केसरी निघतो. एकच निघतो, हीच तर त्यातली गंमत होती.

पण कुस्तीगीरांच्या संघटना झाल्या दोन. एक कुस्तीगीर परिषद, दुसरा कुस्तीगीर संघ. भाऊ वेगळे झाले की चुली वेगळ्या होतात, तशा स्पर्धाही वेगळ्या झाल्या. मग एकट्या 2023 मध्ये तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाली. जानेवारीत पुण्याला कोथरूडमध्ये शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला चितपट करून गदा घेतली. नोव्हेंबरमध्ये पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने त्याच शिवराजला हरवून गदा घेतली. आणि लगेच दिवाळी आटोपल्यावर धाराशिवला शिवराजने हर्षवर्धन सदगीरला हरवून आणखी एक गदा घेतली. आकड्यांची मौज बघा. आधी झालेली फुलगावची स्पर्धा 66 वी आणि नंतर झालेली धाराशिवची 65 वी! दोन्ही घरांचं मोजणं वेगळं.

भाऊजी म्हणतात, यात वाद कसला? शिवराजच्या दोन, सिकंदरची एक. दोन मोठे की एक मोठा, हे पहिलीतलं पोरगंही सांगेल.

मला हे पटत नाही. गदा किती, हे पैलवानाच्या अंगच्या ताकदीवर ठरत नाही, त्या वर्षी किती जणांनी मांडव घातला यावर ठरतं. उद्या तिसरी संघटना निघाली तर तिसरी गदा येईल, चौथी निघाली तर चौथी. पण दोन पैलवान समोरासमोर उभे राहिले, हात मिळवले आणि एकाची पाठ टेकली, ही गोष्ट कोणत्याही संघटनेला वाढवता येत नाही आणि पुसताही येत नाही. त्या वर्षी महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत हे दोघं एकदाच भिडले. फुलगावला.

ती धनतेरसची संध्याकाळ होती. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली होती आणि मी ओटा पुसत होते. आत मोबाईलभोवती सगळे गोळा झालेले. फडकं पिळून बाहेर येते तोवर आरडाओरडा झाला आणि कुस्ती संपलीसुद्धा. अर्ध्या मिनिटाच्या आत झोळी डावावर सिकंदरने शिवराजला चितपट केलं होतं. नंतर पुतण्याने तो व्हिडिओ मला पाच-सहा वेळा दाखवला. सिकंदर मातीतून आलेला, शिवराज गादीचा कसलेला. इतक्या मोठ्या मल्लाला इतक्या थोड्या वेळात पाडलं, पंचांना गुण मोजायची वेळच आणली नाही, तर शंका घ्यायला जागा कुठे उरते? माझं मत सिकंदरला.

सासूबाईंनी यात एक मुद्दा घातला, तो मला फार आवडला. त्या म्हणाल्या, आपल्या दुकानाची वही दिवाळीला बंद होते आणि पाडव्याला नवी उघडते. त्या दिवाळीला वीर निर्वाण संवत 2550 लागलं. धाराशिवची कुस्ती त्यानंतरची, म्हणजे ती नव्या वहीत गेली. मग जुन्या वहीत उरलं काय? कोथरूडला शिवराज, फुलगावला सिकंदर. एकास एक. आणि आमनेसामनेचा निकाल सिकंदरकडे. भाऊजी म्हणाले, ही चलाखी झाली. असेल! पण इंग्रजी कॅलेंडरच खरं आणि आपली वही खोटी, हे तरी कोणी ठरवलं?

शिवराजला कमी लेखायचं नाही. धनतेरसला सगळ्या महाराष्ट्रासमोर पाठ लागल्यावर दहाएक दिवसांत पुन्हा लांग कसून उभं राहणं सोपं नाही. तेही कोणापुढे, तर हर्षवर्धन सदगीरपुढे. तो स्वतः 2020 चा केसरी आणि काका पवारांच्या एकाच तालमीतला गुरुबंधू, म्हणजे याचा प्रत्येक डाव त्याला पाठ. धाराशिवची गदा मला म्हणूनच कोथरूडच्या गदेपेक्षा मोठी वाटते. पण सदगीरला हरवल्याने सिकंदरकडून झालेली हार फिटत नाही.

पुतण्या सिकंदरच्या बाजूने आहे, पण त्याची कारणं मला चालत नाहीत. तो सांगतो, सिकंदरचे वडील हमाली करायचे, मोहोळमधून येऊन कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत त्याने दिवस काढले, आणि जानेवारीत उपांत्य फेरीत महेंद्र गायकवाडने त्याला बाहेरची टांग मारली तेव्हा चार गुण दिले ते चुकीचे होते. नियम असा की प्रतिस्पर्ध्याला खाली घेतलं तर दोन गुण आणि तो पाठीवर धोक्याच्या स्थितीत गेला तर चार. सिकंदर त्या स्थितीत गेला होता की नाही, यावर तेव्हा सगळा महाराष्ट्र पंच झाला होता. काहींनी तर त्याचा धर्मही मध्ये आणला, बाजूने बोलणाऱ्यांनीही आणि विरुद्ध बोलणाऱ्यांनीही. मला दोन्ही आवडलं नाही. गरिबी पाहून गळा दाटून येतो, माझाही येतो. पण त्यासाठी त्याला सर्वांत मोठा पैलवान म्हटलं तर ते बक्षीस नाही, दान झालं. त्याला त्याची गरज नाही. त्याने फुलगावला कुस्ती केली आहे.

आमच्या नात्यातली एक ताई हे ऐकून म्हणाली, "कशाला एकाची निवड करता? आपण अनेकांतवाले. दोघंही आपापल्या जागी बरोबर." हे वाक्य आपल्यात हल्ली फार सोयीचं झालंय. अनेकांत म्हणजे वस्तूला अनेक बाजू असतात, त्या सगळ्या पाहून बोला. न बोलण्याची सूट त्यात कुठेच नाही. साडीच्या दुकानात आपण चार ठाण उलटेपालटे करून पाहतो, पण शेवटी एक साडी घेऊनच उठतो ना?

आणि निवड न करण्याची किंमत पैलवानाला मोजावी लागते. नरसिंग यादव तीनदा केसरी झाला, विजय चौधरी तीनदा झाला. दोघंही पोलीस खात्यात उपअधीक्षक झाले. म्हणजे ती गदा नुसती भिंतीवर टांगायची वस्तू नाही, घर उभं करणारी वस्तू आहे. कोणाची गदा खरी आणि कोणाची मोजायची, हे दोन संघटना मिळून सांगत नाहीत तोवर खुराकासाठी म्हैस विकत घेणाऱ्या आईबापांनी काय धरून चालायचं? माझी जाऊ भिशीचे पैसे लावते तेव्हा हा प्रश्न तिचाही असतो. तिने तो मला कधी विचारला नाही, पण किराण्याच्या यादीत बदामापुढे ती थोडं थांबते, ते मला दिसतं.

2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला जे झालं, ते मला यामुळेच वेगळं दिसतं. शिवराजच्या खात्यात दोन गदा होत्या, तिसरीकडे तो निघाला होता. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध पंचांनी त्याला चितपट दिलं. त्याचं म्हणणं, पाठ पूर्ण टेकलीच नव्हती. तो चिडला, पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही गुणावरून वाद घालत कुस्ती संपायच्या आत मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथ मारणं वाईटच. पंचावर हात टाकणाऱ्याला शिक्षा झाली, ती योग्यच झाली.

पण त्यानंतर भाऊजी एकदम पलटले. म्हणाले, असल्या माणसाला 2023 चा मोठा पैलवान कसं म्हणायचं, जा, तुमचा सिकंदरच खरा. मी म्हटलं, या कारणाने मला तुमचं मत नको. 2025 चा राग 2023 च्या वहीत कशाला लिहायचा?

आपण मुलांना भरत-बाहुबलीची गोष्ट सांगतो ना? सैन्य मरू नये म्हणून दोन्हीकडच्या मंत्र्यांनी ठरवलं, दोघा भावांनीच लढावं: दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. तिन्हींत बाहुबली जिंकले. मल्लयुद्धात त्यांनी थोरल्या भावाला वर उचललं आणि जमिनीवर आपटलं नाही, खांद्यावर घेतलं. एवढं आपण रंगवून सांगतो. पण त्यानंतर भरताने काय केलं? नियम ठरलेला असताना, सगळ्यांसमोर हरलेला असताना, त्याने रागाने चक्र सोडलं. भरत चक्रवर्तीने! ते चक्र बाहुबलींना प्रदक्षिणा घालून थांबलं, म्हणून निभावलं. आणि तोच भरत पुढे केवलज्ञानी झाला. शिवराजला आयुष्यभराचा गुंड ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट पोरांना पुढच्या वेळी पूर्ण सांगावी. त्या मल्लयुद्धाचा निकाल दोन्ही सैन्यांनी मान्य केला होता, बरं का. हरलेल्या राजासाठी कोणी दुसरा आखाडा खणला नव्हता.

एक गोष्ट मात्र मला आमच्या घरातल्या या भांडणात खटकते. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून ती जिंकली. पुरुषांची स्पर्धा सुरू झाल्यावर बासष्ट वर्षांनी मुलींची झाली! त्या वर्षीचा सर्वांत मोठा पैलवान कोण म्हणून एवढा कल्ला चालतो, त्यात तिचं नाव कोणी घेतलं नाही. मीही ते काढलं तेव्हा भाऊजी म्हणाले, ते वेगळं. वेगळं कसं, ते अजून कोणी मला सांगितलेलं नाही. सासूबाईंनी फक्त विचारलं, "पोरगी खाते काय गं?" आणि व्हिडिओ लावायला सांगितला.

राहता राहिलं 2025. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला आणि मार्चअखेर कर्जतला दुसऱ्या संघटनेच्या स्पर्धेत वेताळ शेळके. पुन्हा एका वर्षात दोन केसरी, आणि यांची तर अंतिम कुस्ती एकमेकांशी झालेलीच नाही. पुतण्याने विचारलं, काकू, याचं काय लिहू? त्याने भिंतीवर वर्षवार नावांचा तक्ता लावलाय. 2023 पुढे त्याने माझ्या सांगण्यावरून सिकंदरचं नाव लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात प्रतीक्षाचं. 2025 ची ओळ मी त्याला कोरी ठेवायला सांगितली आहे.