सही नंतर वाचा, आधी पुतळी उलटी करा

मुंबईच्या चोर बाजारात एखाद्या दुकानी काळपट सिंहाची पुतळी दिसते. चौथऱ्यावर रोमन अक्षरांत नाव: बारी. दुकानदार हलक्या आवाजात सांगतो, "साहेब, पॅरिसचा ओरिजिनल माल आहे." आपला हात खिशाकडे जातो. तो तिथेच थांबवा, एवढी विनंती आहे.

आंत्वान लुई बारी (1795–1875) हा पॅरिसचा शिल्पकार प्राण्यांच्या ब्रॉन्झ पुतळ्यांसाठी नावाजलेला. 1848 मध्ये त्याचे दिवाळे निघाले, साचे हातचे गेले आणि पुढची काही वर्षे दुसऱ्यांनीच त्याच्या सहीच्या प्रती ओतून विकल्या. तो वारल्यावर बार्बेदिएन या नामांकित ओतशाळेने त्याचे बरेच नमुने विकत घेतले आणि रीतसर प्रती काढल्या. म्हणजे नाव एकच, पण प्रतींचे दर्जे निरनिराळे. शिवाय सही बहुधा साच्यातच असते. जुन्या पुतळीवरून आज कुणी साचा घेतला, तर सिंहाबरोबर सहीही फुकटात उतरते.

म्हणून पुतळी हातात घ्या आणि उलटी करा. राळेची असेल तर आकाराच्या मानाने हलकी लागते, ब्रॉन्झचा थंड स्पर्शही जाणवत नाही. तळाशी, कडेला कुठे रंग झिजलाय का पाहा. आतून सोनेरी-तांबूस धातू दिसला तर ब्रॉन्झची शक्यता. रुपेरी-करडा दिसला तर बहुधा जस्त. बाजारात याला स्पेल्टर म्हणतात आणि कधी कधी ‘फ्रेंच ब्रॉन्झ’ असे भारदस्त नावही देतात. लोहचुंबकावर फार विसंबू नका. तो चिकटला तर आत लोखंड आहे. पण तो ब्रॉन्झला चिकटत नाही, तसाच जस्तालाही चिकटत नाही.

मग आयाळ पाहा. चांगल्या ओतशाळेत पुतळी ओतून झाल्यावर कारागीर छिन्नीने केस न् केस उठवतो. प्रतीवरून काढलेल्या प्रतीत तीच आयाळ वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी बोथट दिसते. टेपने उंचीही मोजा. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे अशी प्रत मूळ पुतळीपेक्षा किंचित लहान भरते. संग्रहालयांच्या सूचीत मापे दिलेली असतात, ती ताडून पाहा.

धातू, काळ आणि ओतशाळा पावतीवर लिहून मागा. ‘आफ्टर बारी’ असे लिहिले असेल तर ती बारीच्या नमुन्यावरून दुसऱ्या कुणी केलेली प्रत समजा. परदेशातल्या मुलांना अशी पुतळी पाठवायचा बेत असेल तर आधी नियम विचारा. 100 वर्षांपूर्वीची शिल्पे देशाबाहेर नेण्यावर 1972 च्या कायद्याचे कडक निर्बंध आहेत.

आणि घरी आणल्यावर कृपा करून तिला चिंच लावू नका. समई घासून उजळते. पण या पुतळीचा काळपट-तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. ओतशाळेत उष्णता आणि रसायने वापरून तो मुद्दाम आणलेला असतो. तो गेला की किंमतही घसरते. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकली की पुरे.

एवढे करून सिंह जस्ताचा निघाला, तरी तो आवडला असेल तर जरूर घ्या. फक्त जस्ताच्या भावात घ्या.