अंडे धुवायचे कोणी?



कारध्याचा पूल ओलांडला की भंडाऱ्याचा बाजार. आपल्या बाया गावरान अंडी घेऊन तिथे जातात, तेव्हा व्यापारी आधी विचारतो, "धुतली काय?" विष्ठेचा डाग दिसला की भाव पाडतो. म्हणून घरोघरी गार पाण्यात अंडी धुणे सुरू झाले. ते बंद झाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोंबडी अंडे घालते तेव्हा ते ओलसर असते. तो ओलावा लगेच वाळून कवचावर पातळ थर बसतो. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात, ती या थराने बुजतात. घासून धुतले की थर जातो. त्यातून अंडे कोमट आणि पाणी गार असले तर आतला ऐवज आकसतो, ओढ बसते आणि बाहेरचे घाण पाणी जंतूंसकट आत शिरते. वरून अंडे चकचकीत, आत नासायला सुरुवात. आपल्या मे महिन्यात तर विचारूच नका. आणि पाणी तरी कुठले? नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेला मिळते. गोसीखुर्दचा फुगवटा भंडाऱ्यापर्यंत येतो.

अमेरिकेत अंडी धुतात, हे खरे. पण पाणी अंड्यापेक्षा ११ अंशांनी गरम, आणि त्यानंतर अंडी ७ अंशांच्या थंडीत. युरोपात थोडे अपवाद सोडले तर पहिल्या प्रतीची अंडी धुण्यास मनाईच आहे. आपल्याकडे शीतगृह नाही, वीज येते-जाते. आपण अमेरिकेचे नुसते धुणे उचलायचे काय?

न धुतलेल्या अंड्याला भाव कमी आणि धुतलेले नासले तर तेही आमच्याच माथी. दोन्हीकडून कापला जातो तो बाईच्या हातातला पैसा. तेल-मीठ, पोरांच्या वह्या त्यातूनच येतात. १९८२ साली पोल्ट्रीवाल्यांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली आणि अंड्याचा भाव स्वतः जाहीर करू लागले. गावरानवाल्यांचे असे कोणी नाही. कृषी महाविद्यालयात आम्हाला शिकवली तीही पिंजऱ्यातलीच कोंबडी!

घाण थांबवायची ती खुराड्यात. चार-पाच कोंबड्यांमागे एक टोपली, तळाला धानाचे कोरडे तणस. भिजले की त्याच दिवशी बदलायचे. कोंबड्यांना रात्री टोपलीत झोपू देऊ नये. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत, डाग कोरड्या फडक्याने पुसावा. फारच घाण अंडे विकू नये, घरीच त्याच दिवशी पूर्ण शिजवून खावे. खुडूक कोंबडीखाली २१ दिवस ठेवायचे अंडे तर कधीच धुऊ नये. खाणाऱ्याला धुवायचेच असेल तर त्याने फोडायच्या वेळी धुवावे, आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

कारध्याच्या बायांनी पुढच्या बाजाराला एकत्र जावे. अंडी कोरडी पुसलेली, भाव सगळ्यांचा एक, आणि धुण्याची अट घालील त्याला माल नाही. जिल्हा बैठकीत हा ठराव मी मांडणार आहे. अंडी विकणाऱ्या बायांनी स्वतः येऊन त्यावर बोलावे.