मुक्कामाचे हॉटेल

आमच्या मालेगावात हॉटेल म्हणजे जेथे चहा, भजी आणि गावची बातमी मिळते ती जागा. बसस्थानकासमोर बाकावर बसावे, बशीतला चहा फुंकून प्यावा, उठावे आणि घरी झोपायला जावे. हॉटेलात झोपतात, ही कल्पना आमच्याकडे बरीच उशिरा आली. म्हणून २०२५ च्या मे महिन्यात “यंदा आपण तीन रात्री हॉटेलात राहणार” असे मी घरात जाहीर केले, तेव्हा तांदूळ निवडीत बसलेल्या आईने मान वर केली आणि विचारले,

“हाटेलात माणूस च्या पेते. रायते काय?”

मराठीचा अध्यापक म्हणून मला हे वाक्य फार आवडले. घरचा कर्ता पुरुष म्हणून मात्र माझी पंचाईत झाली.

झाले होते असे. कन्येला दहावीत नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळाले तर खोपोलीचे ‘इमॅजिका’ दाखवीन, असे वचन मी देऊन बसलो होतो. वचन देतेवेळी तिचे चाचणीतले गणिताचे गुण डोळ्यांपुढे होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. १३ मे रोजी निकाल लागला. एक्क्याण्णव टक्के! सौभाग्यवतीने पेढे आणले आणि चिरंजीवांनी खोपोलीचा नकाशा.

अशा करमणुकीच्या बागांविषयी माझे ज्ञान बेताचेच. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्याची जाहिरात शेजारच्यांच्या दूरदर्शनवर पाहून आम्ही चिंचेच्या फांदीला दोर बांधून घेतला, एवढाच काय तो माझा आणि त्या सृष्टीचा संबंध. पुढे शेगावचे आनंदसागर झाले आणि आम्हां वऱ्हाडकरांना तळे, कारंजी, झुकझुक गाडी हे सारे बसच्या एका तिकिटात आले. इमॅजिका त्यानंतरचे, २०१३ सालचे. खोपोलीहून पालीला जाणाऱ्या रस्त्यावर ते आहे. म्हणजे महडचा वरदविनायक एका अंगाला आणि पालीचा बल्लाळेश्वर दुसऱ्या. हे कळताच आईचा विरोध निम्मा मावळला. अष्टविनायकांतील दोन गणपती एका भाड्यात होत असतील, तर मधे पोरांनी पाळण्यात बसायला तिची हरकत नव्हती.

मग मी वही घातली. आम्हां मास्तर लोकांना वही घातल्याशिवाय सुट्टीसुद्धा घेता येत नाही. पहिल्या पानावर प्रत्येकाच्या अटी लिहिल्या. चिरंजीवांना खिडकीतून पाळणे दिसायला हवे होते. कन्येला खोलीत टेलिफोनचे इंटरनेट हवे होते. आईचे गुडघे चौऱ्याहत्तर वर्षांचे. तिला एक तर तळमजला नाही तर लिफ्ट, आणि बसायचा संडास. शिवाय तिच्या मते जगातील उत्तम मुक्कामाची जागा म्हणजे शेगावचे भक्तनिवास. तेथील स्वच्छता, तेथील शिस्त आणि तेथील दर या तिन्ही बाबतींत जे उणे पडेल ते हॉटेल तिच्या लेखी बाद. सौभाग्यवतीची अट सर्वांत लहान होती.

“अहो, कुठंही न्या. फक्त सकाळचा चहा मी करायचा नाही.”

ही अट मी वहीत शेवटी लिहिली होती. रात्री मनाला काय वाटले कोण जाणे, ती खोडून सर्वांत वर लिहिली.

पर्याय पुष्कळ निघाले. उद्यानाला लागून एक मोठे हॉटेल आहे. त्याचे एका रात्रीचे भाडे ऐकून मी फोन इतक्या हळुवारपणे ठेवला की जणू पलीकडे कोणी झोपले आहे. लोणावळा सुचवणारे मित्र भेटले. पण लोणावळा घाटाच्या वर आणि उद्यान घाटाच्या खाली, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तो घाट निम्म्या मुंबईने आणि निम्म्या पुण्याने अडवलेला असतो. (या घाटाने माणसाला नेहमीच अडवले आहे. आगगाडी १८५६ साली खोपोलीपर्यंत आली; पण बोरघाटातून ती वर चढली १८६३ मध्ये. मधल्या काळात प्रवासी खोपोलीला उतरून पालखीतून नाही तर तट्टावरून घाट चढत. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, पालखी अजून मिळते का ते विचार.) शेतघरे म्हणून एक नवा प्रकार कर्जत-खोपोलीकडे बोकाळला आहे, तेथे शेत असते, घर असते, पण स्वयंपाकी आपला न्यावा लागतो. म्हणजे सौभाग्यवतीची अट तेथेच मोडली.

उरली मध्यम दरातली हॉटेले. वाचकहो, या जाहिरातींत ‘जवळ’ हा शब्द ज्या अर्थाने येतो तो कोणत्याही कोशात नाही. ‘उद्यानापासून जवळ’ याचा अर्थ, कावळा असाल तर जवळ. मी फोनवर प्रत्येकाला विचारू लागलो, “रिक्षाने किती वेळ लागतो, आणि परतताना रिक्षा मिळते का?” पहिल्या अर्ध्या प्रश्नाला उत्तर तत्काळ मिळे; दुसऱ्या अर्ध्याला पलीकडचा मनुष्य खोकत असे. ज्याने न खोकता “मिळते, पण संध्याकाळी जास्त मागतात” असे सांगितले, त्याची खोली मी नक्की केली. तेथे लिफ्ट होती, सकाळचा चहा-नाश्ता भाड्यातच होता आणि जनित्रही होते. वीज गेली की लिफ्ट नुसती शोभेची राहते, हे वैदर्भीय माणसाला शिकवावे लागत नाही. त्या वेळी साडेसात हजारांच्या आतील खोलीवर बारा टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो पाच टक्के झाला आहे, ही सुवार्ता ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी. आम्ही बारा देऊन आलो.

नाव-गाव लिहून घेताना तो गृहस्थ म्हणाला, “मालेगाव का? मग काय, नाशिकहून सरळ रस्ता.” मी म्हटले, “ते मालेगाव वेगळे. आमचे वाशीम जिल्ह्यातले. मालेगाव जहांगीर.” त्यावर तो आदराने म्हणाला, “जहांगीर साहेब, खोली ठेवली.” पावतीवर शेवटपर्यंत तेच नाव राहिले.

येथवर सारे हसण्यावारी चालले होते. मग मी गाडीचे आणि खोलीचे तास जुळवायला बसलो. अकोल्याहून रात्री गाडी धरली की पहाटे कल्याण येते. हॉटेलची खोली मिळणार दुपारी दोनला. मधले आठ तास आईला घेऊन कोठे काढायचे? उत्तर वहीत लिहायचीसुद्धा गरज नव्हती. कल्याणच्या पुढे डोंबिवली, आणि डोंबिवलीला आत्या.

“आत्याकडे उतरू, अंघोळी-नाश्ता आटपू आणि मग खोपोलीला जाऊ,” मी म्हटले.

सौभाग्यवती कणीक मळीत होती. ती थांबली. “म्हणजे अंघोळीला आत्या आणि झोपायला हॉटेल?”

डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांविषयी सांगितल्याशिवाय हे वाक्य मला का लागले ते कळायचे नाही. आमच्या घराण्यातला जो कोणी मुंबईला गेला तो त्या दोन खोल्यांत उतरला. मुलाखतीला आलेले, लग्नाचा बस्ता बांधायला आलेले, विमान पाहायला आलेले, सर्व. मीही एम. ए. नंतर नोकरीच्या शोधात तेथे वीस दिवस गॅलरीत झोपलो आहे. आणि २००९ साली माझ्या वडिलांवर परळच्या टाटा रुग्णालयात उपचार चालू होते, तेव्हा आई आणि ते चार महिने तेथेच होते. आत्याने आपला पलंग भावाला दिला आणि स्वतः ओट्याखाली अंथरूण घातले. उपचारांना यश आले नाही. पण त्या चार महिन्यांत बाबांना एकदाही बाहेरचे अन्न खावे लागले नाही. अकोल्याची गाडी धरताना त्यांनी गादीखाली दोन हजार रुपये ठेवले. आठ दिवसांत ती रक्कम मनीऑर्डरने मालेगावला परत आली. संदेशाच्या जागेत आत्याने लिहिले होते, ‘भाऊ हायेस का भाडेकरू?’

आता आत्याचे वय अठ्ठ्याहत्तर. आत्याजी गेले, आतेभाऊ पुण्याला. दोन खोल्यांत ती एकटी. तिच्यावर पाच माणसांचे तीन दिवस टाकायचे नाहीत, म्हणून तर मी हॉटेल पाहिले होते. हेतू वाईट नव्हता. पण हेतू फोनवरून सांगता येत नाही. मी आत्याला फोन केला, खोपोलीचे सांगितले. पलीकडे जरा वेळ काही ऐकू आले नाही. पन्नास वर्षे डोंबिवलीत काढूनही राग आला की ती वऱ्हाडात येते.

“काऊन रे, माह्यं घर पडलं काय?”

मी तिच्या वयाविषयी, तिच्या त्रासाविषयी बोलू लागलो, आणि बोलता बोलता मला कळले की मी तिला म्हातारी म्हणतो आहे. फोन ठेवला गेला. दोन दिवस मी वही उघडली नाही. पैसे भरलेले होते, पोरे दिवस मोजीत होती, आणि मला मात्र ते हॉटेल नकोसे झाले होते.

तिसऱ्या दिवशी आईने मला फोन लावून द्यायला सांगितला. नणंद-भावजयींचे संभाषण मी चोरून ऐकले हे कबूल करतो.

“आक्का, मले त्या हाटेलात भेव वाटते. हे पोट्टे जातीन दिवसभर पाळन्यावर. मी एकटी त्या खोलीत काय करीन? तुम्ही सोबतीले आल्या त मले आसरा होईन.”

आईला भय वगैरे काही वाटत नव्हते. ती एकटी पंढरपूरला जाऊन आलेली बाई आहे. पण आत्याला पाहुणी म्हणून बोलावले असते तर ती सात जन्मांत आली नसती. मदतीला बोलावले, तर पिशवी भरून तयार. मी त्या गृहस्थाला फोन करून एका खोलीच्या दोन केल्या. खर्च वाढला. स्कूटरची चाके त्या वर्षी बदलायची होती, ती तशीच राहिली.

जूनच्या मध्यावर आम्ही निघालो. त्या वर्षी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच येऊन बसला होता. वाशीमच्या उन्हातून निघालेल्या माणसाला कर्जतनंतरचे ते हिरवे डोंगर आणि त्यांवरून लोंबणारे पांढरे दोर पाहून बोलणेच सुचत नाही. खोपोलीला उतरलो तेव्हा आत्याजवळ तीन पिशव्या होत्या: एकीत तिची चादर आणि उशीचा अभ्रा, दुसरीत थालीपिठे, तिसरीत बेसनाच्या लाडवांचा डबा.

इमॅजिकाची हकीगत मुलांकडून ऐकावी. मला ती धड सांगता यायची नाही. पाऊस जोराचा आला की उघड्यावरचे खेळ थांबवतात, हे मात्र जूनमध्ये जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. नायट्रो नावाच्या एका भयंकर गाडीपाशी चिरंजीवांची उंची मोजली, ती दोन बोटे कमी भरली. तास दीड तास ते माझ्याशी बोलले नाहीत. जणू ती उंची मी दिली होती, आणि तसे पाहिले तर मीच दिली होती.

मला सांगायचे आहे ते खोलीतले. आत्याला पाहुणे होता येत नव्हते. सकाळी साफसफाईचा मुलगा आला तो दारातच थबकला. दोन्ही पलंगांवरच्या चादरी घडी घालून ठेवलेल्या, मोरीतली बादली पालथी, चहाच्या कपबशा धुतलेल्या. “आजी, हे माझं काम,” तो म्हणाला. आत्याने त्याला विचारले, “तू जेवला का?” तो बीडकडचा निघाला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा नाश्ता थालीपिठाचा झाला आणि आमच्या खोलीचे टॉवेल दोनदा बदलू लागले.

सौभाग्यवती पहिल्या सकाळी सहालाच जागी झाली. सवय! मग तिला आठवले. ती खिडकीशी खुर्ची ओढून बसली. खालून चहा आला. तो फार गोड होता आणि कोमट होता. तिने तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत घेतला आणि म्हणाली, “छान आहे.”

एका रात्री शेजारच्या खोलीत हसणे ऐकू आले. आई आणि आत्या. बाबा परळहून लोकलने परतताना चुकून कसाऱ्याच्या गाडीत बसले होते, ती गोष्ट चालली होती. ते चार महिने आमच्या घरात आजवर कोणी हसून बोललेले नव्हते. मी दारावर टकटक करणार होतो, केली नाही.

परत आलो. आत्याने तो लाडवांचा डबा आग्रहाने आमच्या पिशवीत कोंबला होता. मालेगावला पोचल्यावर सौभाग्यवतीने तो उघडला. चार लाडू, खाली कागद आणि कागदाखाली पाचशेच्या चार नोटा.

मी त्या घेऊन आईकडे गेलो. तिने त्या मोजल्या नाहीत. नुसत्या पाहिल्या आणि पदर डोळ्यांना लावला, की हसू लपवले, मला नीट दिसले नाही. मी म्हटले, “परत पाठवू? आत्याने बाबांना लिहिले तेच लिहू का खाली?”

“तसे पैसे तिनं घेतलेच नाईत कधी,” आई म्हणाली. “भाऊबीजेच्या पाकिटात टाक. बाबाच्या नावानं तू दरसाल धाडतच त असतो. ओवाळणी कशी वापस करीन?”

तसे ते पाकीट तयार करून ठेवले आहे. डबा मात्र अजून आमच्याकडेच आहे. तो रिकामा कसा पाठवायचा, आणि भरून पाठवला तर आत्या त्यातून पुन्हा काय पाठवील, यावर घरात विचार चालू आहे.