खड्ड्याला उत्तर लाखांची बाईक?

मित्राने ३९० अ‍ॅडव्हेंचर घेतली. आपल्या चाकणलाच बनते ती. परवा चिंचवडहून मोशीमार्गे चाकणपर्यंत चालवून पाहिली. खोटं कशाला बोलू, मजा आली! माणूस उंच बसतो, पुढचं सगळं दिसतं, खड्डा आला तर गाडीच गिळून टाकते.

मग तळेगाव चौकात अडकलो. पावणेदोनशे किलोच्या वरचं धूड, सीट इतकी उंच की माझे पाय नीट टेकेनात. पोटऱ्यांना इंजिनची धग. शिफ्ट सुटलेले कामगार शंभर सीसीवरून शेजारून सटकले.

मित्र म्हणतो, "रस्तेच असले, मग गाडी अशीच पाहिजे."

माझं भांडण इथंच आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो सस्पेन्शन विकत घेतो आणि रस्त्याबद्दल बोलायचं सोडतो. शंभर सीसीवाला त्याच खड्ड्यात पडतो. सरकारचं काय जातं? सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाडीवर ४० टक्के जीएसटी, चैनीची वस्तू म्हणून. कामावर जायच्या रस्त्याला डोंगरातली गाडी लागावी, ही कसली चैन?

हौस जरूर करा, लेह-लडाखला न्या. पण मोठी गाडी घेतलेल्यांनो, खड्ड्याची तक्रार आधी तुम्ही करा. साहेब लोक तुमचं ऐकतात. शंभर सीसीवाल्याला आत कोण घेतंय?