जुन्या मोटारीचें तेल आणि शेतकऱ्याचें पंचांग

मोटारगाडी ही आमच्या किनाऱ्यावर आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत नारळ-सुपारीच्या वाड्यांतून जुनी जीप, व्हॅन किंवा लहानसा टेंपो ठिकठिकाणीं उभा असलेला दिसतो. आंब्याच्या पेट्या, पांढऱ्या कांद्याच्या माळा, खताचीं पोतीं, दवाखान्यांत न्यावयाचा आजारी माणूस, या सर्वांचा भार हीं जुनीं वाहनेंच वाहतात. नवी गाडी घेणें प्रत्येकास परवडत नाहीं, आणि हातची वस्तु टिकवून वापरणें हा तर शेतकऱ्याचा स्वभावच आहे. हा स्वभाव आम्हांस सर्वथा प्रशंसनीय वाटतो. परंतु ज्यावर गाडीचें आयुष्य अवलंबून असतें, त्या एंजिनांतील तेलाविषयीं आमच्या बंधुवर्गांत जी समजूत रूढ आहे, ती आपल्या परिस्थितीस लागू पडत नाहीं. म्हणून तिचा येथें थोड्या विस्तारानें विचार करीत आहोंत.

समजूत अशी कीं, गाडी ठराविक किलोमीटर धांवली म्हणजे तेल बदलावयाचें. तोंपर्यंत त्यास हात लावण्याचें कारण नाहीं. हा नियम खोटा नाहीं, पण तो रोज लांब धांवणाऱ्या गाडीचा आहे. मुंबईची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी घ्या. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार होत असे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ सालीं नोंदली गेली, आणि टॅक्सीस घालून दिलेली २० वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरांत ती रस्त्यावरून निघाली. अशी टॅक्सी सकाळीं एकदां तापली कीं रात्रीपर्यंत गरमच असे. तिचें तेल खराब होई तें धांवण्यानें. म्हणून तिला किलोमीटरांचें माप योग्य होतें.

आतां आमची गाडी कशी चालते तें पाहावें. चौलच्या वाडींतून रेवदंड्याच्या बाजारास जावयाचें, एंजिन पुरतें तापतें न तापतें तोंच बंद करावयाचें, तासाभरानें परत यावयाचें, आणि मग आठ दिवस गाडी पडवीशेजारीं उभी. अशा गाडीचा काटा वर्षाकाठीं तीन हजार किलोमीटरही पुढें सरकत नाहीं. मालक म्हणतो, “गाडी फिरलीच कोठें, मग तेल कशाला बदलावें?” परंतु याच चालीनें तेल लवकर बिघडतें. याचें कारण समजून घेतलें पाहिजे.

एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे त्यांतून सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें उत्पन्न होतें. बहुतेक वाफ धुराबरोबर नळीवाटें बाहेर पडते. परंतु थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून खालीं तेलाच्या चेंबरांत उतरते. रिंगा जितक्या झिजलेल्या तितकी ही गळती अधिक, म्हणून जुन्या एंजिनास हा उपद्रव विशेष होतो. लांबच्या प्रवासांत तेल चांगलें तापतें व त्यांतील पाणी पुन्हां वाफ होऊन निघून जातें. दोन कोसांच्या फेरींत तेल तितकें तापत नाहीं. पाणी तेथेंच राहतें, त्यांत न जळलेलें इंधन व जळणांतून झालेलीं आम्लें मिसळतात, आणि तेलाचा चिकट गाळ होऊं लागतो. १ एप्रिल २०२० पासून देशांत फार कमी गंधकाचें इंधन मिळूं लागल्यानें गंधकाच्या आम्लाचा त्रास पुष्कळ घटला, हें खरें. पण इतर आम्लें व पाणी हीं राहिलींच. आम्लाचा प्रतिकार करणारीं जीं द्रव्यें तेलांत मिसळलेलीं असतात, तीं हळूहळू खर्चीं पडतात. नंतर बेअरिंगांचा मऊ धातु खाल्ला जातो.

यांत आमच्या हवामानाची भर पडते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत किनाऱ्यावर दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो. हवेंत ओल आणि खार. नेमकी याच दिवसांत गाडी सर्वांत कमी चालते, आणि वर्षभराचें मळलेलें तेल पोटांत घेऊन उभी राहते. ओल्या कणगींत भात भरून पावसाळा काढणारा शेतकरी कोठें आढळणार नाहीं. मग आम्लानें बिघडलेलें तेल एंजिनांत ठेवून गाडी चार महिने बांधून ठेवणें शहाणपणाचें कसें ठरेल?

म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, आपल्या जुन्या गाडीचें तेल किलोमीटरावर न बदलतां पंचांगावर बदलावें. वर्षांतून दोन वेळा ठरवाव्यात. पहिली मृग लागण्यापूर्वीं, मे महिन्याच्या अखेरीस; दुसरी दसऱ्याच्या आधीं. खंडेनवमीस आपण अवजारें पुजतों, दसऱ्यास गाडीला झेंडूची माळ घालतों. त्यापूर्वीं तिचें तेल बदललें तर ती पूजा अधिक सार्थ होईल. ज्याची गाडी मधल्या काळांतच कंपनीनें सांगितलेले किलोमीटर पुरे करील, त्यानें अर्थातच तेव्हांच बदलावें. पंपाचें एंजिन बाळगणाऱ्या बंधूंस ही कल्पना नवी वाटूं नये. १९४६ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल एंजिन्स कंपनीचीं एंजिनें गांवोगांव पोंचलीं. त्यांस किलोमीटरांचा काटा मुळींच नाहीं, तरी त्यांचें तेल हिशोबानें बदलावें लागतेंच.

बदलण्याची रीत सोपी आहे. एंजिन चांगलें तापवावें, गाडी सपाट जागीं उभी करावी आणि तेल गरम असतांनाच खालचा नट काढावा, म्हणजे गाळही त्याबरोबर निघून येतो. फिल्टर दर वेळीं नवा बसवावा. नवें तेल गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या श्रेणीचें घ्यावें. आपल्याकडील पुष्कळ जुन्या एंजिनांस २०डब्ल्यू-४० हें तेल चालतें. त्यांतील पहिला अंक थंडींतला पातळपणा व दुसरा तापल्यावरचा दाटपणा दाखवितो. नव्या गाड्यांसाठीं केलेलें फार पातळ तेल महाग असतें, म्हणून तें जुन्या एंजिनास उत्तम असें समजूं नये. डबा सीलबंद पाहून घ्यावा, आणि रिकामा झाल्यावर फोडूनच टाकावा, म्हणजे बनावट तेल भरून तो पुन्हां विक्रीस येणार नाहीं.

तेलाच्या रंगावरून परीक्षा करण्याची संवयही सोडली पाहिजे. डिझेल एंजिनांत नवें तेल थोड्याच दिवसांत काळें होतें, कारण काजळी धरून ठेवणें हें त्याचें कामच आहे. उलट झांकणाखालीं दह्यासारखा पांढुरका लेप दिसला तर तें पाणी शिरल्याचें चिन्ह होय. ती केवळ लहान फेऱ्यांची ओल असेल, किंवा हेड गॅस्केट गेलें असेल. फिटरास दाखवून खात्री करावी. तसेंच, कमी पडेल तितकें वरून ओतलें म्हणजे तेल बदललें, असेंही नव्हे. २०२१ च्या जुलैंत महाडास आलेल्या पुरांत जशीं वाहनें बुडालीं, तशी आपली गाडी बुडाली तर फिटरानें तपासून तेल बदलल्यावांचून ती सुरूच करूं नये.

कोणी म्हणेल, ही चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला झाला. हिशोब उलट आहे. कांहीं लिटर तेल व एक फिल्टर यांचा खर्च वर्षांतून दोनदां. पण बेअरिंगें जाऊन एंजिन उघडावें लागलें तर तो एकच खर्च अनेक वर्षांच्या तेलाहून भारी पडतो. झिजलेलें एंजिन नव्या तेलानें नवें होत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु पुढची झीज मंदावते. शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनीं संपते व पुढें दर ५ वर्षांनीं तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. निळा धूर ओकणारी गाडी तेथें अडण्याचाच संभव अधिक.

आणि पैशापलीकडची गोष्ट अशी. पावसाळ्यांत गेट वेहून मांडव्यास येणाऱ्या लाँची बंद असतात. २०२० च्या मार्चांत सुरू झालेली रो-रो बोटही समुद्र खवळला कीं थांबते. अशा रात्रीं अडलेल्या बाळंतिणीस किंवा लावणीच्या चिखलांत सर्पदंश झालेल्या गड्यास अलिबागेस पोंचविण्यास दारची गाडीच उरते. तेव्हां तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाहीं.

काढलेल्या तेलाविषयीं एक सूचना करावीशी वाटते. तें कुंपणाच्या मेढींस फांसणें किंवा वाडीच्या कडेला ओतणें आतां बंद झालें पाहिजे. त्यांत धातूंचे कण व कर्करोगकारक द्रव्यें असतात, आणि आमच्या रेताड वाड्यांतून विहिरीचें पाणी फार खोल नसतें. २०१६ च्या नियमांनीं वापरलेल्या तेलाची गणना घातक कचऱ्यांत केली आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तें पुन्हां उपयोगांत आणविण्याची जबाबदारी तेलाच्या उत्पादकांवर आली आहे. प्रत्येक गांवच्या सभासदांनीं मिळून एक झांकणाचें पिंप ठेवावें आणि भरल्यावर तें परवाना असलेल्या शुद्धीकरणवाल्याकडे द्यावें. खत जसें एकत्र मागवितों, तसे तेलाचे डबेही एकत्र मागविले तर भावांतही सवड मिळेल.

बैलगाडीच्या काळीं आसास वंगण कमी झालें कीं चाक करकरूं लागे, आणि घरांतल्या पोरासही तें कळे. मोटारीचें एंजिन असा इशारा देत नाहीं; तें वाजूं लागेल त्या दिवशीं वेळ निघून गेलेली असेल. म्हणून मृगाआधीं बियाणें पाखडण्यास काढाल त्याच आठवड्यांत गाडीखालचा नटही सोडवावा, आणि ती तारीख भिंतीवरच्या पंचांगांत टिपून ठेवावी, अशी सर्व बंधूंस आमची आग्रहाची विनंती आहे.