अमर शेखांची जयंती हारापुरती नको

२० ऑक्टोबर, शाहीर अमर शेख यांची जयंती. बार्शीचे महबूब हुसेन पटेल. म्हणजे आपल्याच सोलापूर जिल्ह्याचे. अक्कलकोटात शायरीचा कार्यक्रम ठरला की गालिब, इक्बाल आठवतात. जरूर आठवावेत. पण घरी दखनी, बाजारात कन्नड आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आपल्या पोरांना ‘मराठी तुमची कधीपासून?’ असं कुणी विचारलं, तर हा शाहीर त्यांना ठाऊक हवा. आई मुनेरबींची लोकगीतं ऐकत ते वाढले, गिरणीत राबले आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी अण्णा भाऊ साठे, गवाणकरांसोबत डफावर थाप मारत गावोगाव फिरले.

फोटोला हार, पाहुण्यांची तासभर भाषणं (तीही उर्दूचा गोडवा सांगणारी!), एवढ्यावर यंदा भागवू नका. ‘कलश’ मिळवून वाचा. डफ आणा. आणि मोहल्ल्यातल्या आया-खालांना पडद्यामागे नव्हे, माईकपुढे बसवा. त्यांची गाणीही होऊ द्या.